बागेचं खत आणि बदकाची चोच

परसात चार बदकं बाळगणाऱ्या माणसाला पावसाच्या तोंडावर एक प्रश्न हमखास पडतो: झाडांना खत घातलं, आता बदकं किती दिवस कोंडून ठेवायची? विचाराल तितकी उत्तरं मिळतात. कृषी सेवा केंद्रवाला म्हणतो, काही होत नाही, पाणी मारलं की विरघळून जातं. शेजारी म्हणतो, महिनाभर सोडू नका. रोपवाटिकेतला माळी सांगतो, रासायनिक घालूच नका, पेंड घाला, मग कसली काळजीच नाही. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि तिघांचंही अर्धं बोलणं बदकाच्या जिवावर बेतू शकतं.

महाराष्ट्र हा काही बदकांचा मुलूख नाही. बदकपालन खरं पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळात. आपल्याकडे कोकणातली परसं, वसईच्या वाड्या, गोव्यातली भाटं आणि अलीकडे कर्जत-मुळशीकडची फार्महाउसं इथं खाकी कॅम्पबेल, व्हाइट पेकिन किंवा मस्कोव्हीची पाच-दहा बदकं दिसतात. संख्या थोडी, त्यामुळे सल्लाही उसना मिळतो. कोणी कोंबड्यांवरून सांगतं, कोणी कुत्र्या-मांजरांवरून. बदकाची खाण्याची रीत या दोघांसारखी नाही आणि सगळी गफलत तिथूनच सुरू होते.

कोंबडी कोरड्यात उकरते, नजरेने दाणा हेरते आणि टिपते. बदक ओल्यात तोंड घालतं. त्याच्या चोचीच्या आतल्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. चिखल-पाणी चोचीत घ्यायचं, पाणी बाजूने सोडून द्यायचं आणि आत अडकेल ते गिळायचं, ही त्याची पद्धत. गाळताना निवड होते ती मुख्यतः आकाराची. नाचणीच्या दाण्याएवढं काहीही आत राहतं, मग तो दाणा असो, गोगलगायीचं पिल्लू असो की खताची गोळी. त्यात पक्ष्यांना दात नसल्याने पेषणीत, म्हणजे कलेजी-पेट्यातल्या पेट्यात, दळायला बारीक खडे लागतात आणि ते बदकं मुद्दाम शोधून गिळतात. डीएपीचा दाणा एक ते चार मिलिमीटरचा असतो. बदकाला हवा असलेला खडाही साधारण त्याच मापाचा. कुत्रं नको ते ओकून टाकतं, बदकाला तशी सोय जवळपास नाही. कोंबडीसारखी गळ्यात ठसठशीत अन्नाची पिशवीही त्याला नसते, त्यामुळे गिळलेलं पुढे लवकर सरकतं.

वसईतल्या एका वाडीत हे जवळून पाहायला मिळालं. केळीच्या आळ्यात सकाळी खत टाकून मालकीणबाईंनी पाइपने पाणी सोडलं होतं. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, डुंबणारी सहा-सात बदकं पाण्याचा आवाज ऐकताच काठावर चढली, रांगेने आळ्याकडे आली आणि मानेपर्यंत चोच चिखलात खुपसून भराभर गाळू लागली. बाईंनी हातातली काठी जमिनीवर आपटून त्यांना हुसकलं. "कोंबड्यांचं बरं असतं हो," त्या म्हणाल्या, "पाणी बघून त्या लांब पळतात. ही मेली पाणी सोडलं की पहिली हजर."

या एका दृश्यात प्रश्नाचा मोठा भाग आला. लॉनवर किंवा आळ्यात खत टाकल्यावर लगेच पाणी द्या, दाणे विरघळू द्या आणि सुकल्यावर जनावरं सोडा, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. कुत्र्यासाठी तो बरोबर आहे. बदकासाठी यातली मधली पायरीच सगळ्यात धोक्याची. पाणी दिल्यापासून ते मातीत मुरेपर्यंतचा जो तास-दोन तासांचा काळ, त्याच वेळी ओल्या मातीतले किडे वर येतात, त्याच वेळी बदकं धावत येतात आणि त्याच वेळी खताचे दाणे अर्धे विरघळलेले, आळ्यातलं पाणी खारट झालेलं असतं. म्हणून बदकवाल्याने क्रम उलटा धरावा. आधी बदकं बंद, मग खत, मग भरपूर पाणी, आणि दार उघडायचं ते आळ्यातलं पाणी पूर्ण मुरून वरची माती भुसभुशीत झाल्यावर. एक दाणाही डोळ्यांना दिसता कामा नये. तासांचा हिशेब मातीवर ठरतो. वसईच्या रेताड जमिनीत दुसऱ्या दिवशी काम होतं, पुण्याकडच्या काळ्या मातीत तीन-चार दिवसही लागू शकतात.

आता खतंच किती विषारी, ते पाहू. इथे भीती थोडी कमी करायला हवी. युरिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे युरियाचं पाणी पिऊन तडफडून मेलेली गाय येते. ती भीती खरी आहे, पण ती गाईची. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटातले जंतू युरियाचा झपाट्याने अमोनिया करतात आणि तो रक्तात चढतो. पक्ष्याला कोटीपोट नाही, त्यामुळे तेवढाच युरिया बदकाला त्या मानाने खूपच सोसतो. नत्र-स्फुरद-पालाश, मग ते सुफला असो वा १०:२६:२६, प्रमाणात टाकलं, मातीत मिसळलं आणि विरघळलं तर त्याने परसातलं बदक मरेल अशी शक्यता फार थोडी. लॉनला युरिया चौरस मीटरमागे दहा-पंधरा ग्रॅम टाकतात. तेवढा विखुरलेला माल चोचीने गोळा करणं बदकालाही अवघड.

बिघडतं ते ढिगाऱ्याने. शेडच्या कोपऱ्यात गोणी फाटून अर्धा किलो पोटॅश सांडलेलं असतं. फवारणीसाठी १९:१९:१९ कालवलेली बादली उघडी राहते. खत मोजायचं टमरेल बदकांच्या पाण्याच्या भांड्यात विसळलं जातं. ही सगळी खतं रसायनशास्त्राच्या दृष्टीने क्षारच. एकाच वेळी पोटात भरपूर गेली तर अन्ननलिका आणि आतड्याचा दाह होतो, जुलाब लागतात, तहान भडकते, आणि तहानेने बदक पुन्हा तेच पाणी पितं. समुद्रावरच्या रानबदकांच्या डोळ्यांवर जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. परसातल्या गोड्या पाण्यावर वाढलेल्या बदकाची ही सोय तुटपुंजी, आणि अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लात ती अजून कामालाही लागलेली नसते. मोठ्या बदकाला जुलाबावर सोडणारं पाणी पिल्लांना आडवं करू शकतं. पिल्लं लहान असेपर्यंत विरघळणारी खतं त्या बाजूला नेऊच नयेत, हे माझं सरळ मत.

एका प्रकाराकडे मात्र फार कमी लोकांचं लक्ष जातं. रोपवाटिकेत कुंड्यांसाठी लहान पिवळसर गोल मण्यांसारखं खत मिळतं. मण्याला राळेचं आवरण असतं, त्यातून खत तीन-चार किंवा सहा महिने हळूहळू झिरपतं. साध्या खतासाठी चार दिवस कळ काढा म्हणता येतं, पण हे मणी पाणी घालून विरघळत नाहीत, ती त्यांची खुबीच आहे. खत संपलं तरी रिकामं टरफल मातीत दिसत राहतं. विकत आणलेल्या रोपाच्या पिशवीतच ते मिसळलेलं असतं, म्हणजे तुम्ही न टाकताही परसात येतं. बदकं फिरतात तिथे असं रोप लावायचं तर खड्डा खोल घ्यावा आणि पिशवीतली माती पूर्ण खाली गाडावी.

पण आढाव्याचा खरा गाभा पुढेच आहे. बागेत बदक मेलं की आळ खतावर येतो. बहुतेक वेळा मारणारं असतं खताच्या बरोबर टाकलेलं औषध.

१९८४ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गोल्फच्या एका मैदानात ब्रँट जातीचे सुमारे ७०० रानहंस मेले. मैदानाच्या हिरवळीवर किडीसाठी डायझिनॉन मारलेलं होतं आणि हंसांनी ते गवत चरलं. असे प्रकार साठत गेले आणि १९८८ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने गोल्फची मैदानं आणि लॉनची शेती यांच्यासाठी डायझिनॉन बंद करण्याचा निर्णय दिला. घरच्या बागेसाठीची विक्री २००४ च्या अखेरीस थांबली. म्हणजे घराच्या अंगणातली हिरवळ बदकवर्गाला मारक ठरू शकते हे चाळीस वर्षांपूर्वीच उघड झालं होतं, आणि त्यात खताचा दोष नव्हता. अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे खत आणि तणनाशक, कधी खत आणि कीटकनाशक, एकाच पिशवीत मिळतं. पिशवीवर हिरव्यागार लॉनचं चित्र असतं, औषधाचं नाव बारीक अक्षरात.

आपल्याकडे दोन्ही एका पिशवीत येत नाहीत, ते काम आपण घमेल्यात करतो. नारळ-सुपारीच्या आळ्यात, केळीच्या खड्ड्यात, वाळवी आणि हुमणीसाठी दाणेदार औषध खतात किंवा वाळूत मिसळून टाकायची जुनी सवय आहे. त्यातली दोन नावं सगळ्यांच्या तोंडात बसलेली: फोरेट आणि कार्बोफ्युरान. उग्र वासाचं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, तरी जुन्या मांगरात फोरेटची अर्धी पिशवी अजूनही सापडते. कार्बोफ्युरानचे इतर सगळे प्रकार २०२३ च्या आदेशाने बाद केले गेले, तीन टक्क्यांचं आवरणयुक्त दाणेदार तेवढं राहिलं. आणि बदकाला भीती दाणेदाराचीच.

हिशेब करून बघा. मॅलार्ड हे आपल्या बहुतेक पाळीव बदकांचं मूळ रानटी रूप. त्याला कार्बोफ्युरानची निम्मे पक्षी मारणारी मात्रा वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी आहे. दोन किलोच्या बदकाला एक मिलिग्रॅम धरा. तीन टक्क्यांच्या दाणेदारात एका ग्रॅमला ३० मिलिग्रॅम विष. म्हणजे चिमूटभर दाणे ३० बदकांत वाटले तर त्यातली निम्मी मरावीत. आळ्यात पडतात ते कित्येक ग्रॅम. अमेरिकेत याच औषधाचे दाणे खडे समजून पक्ष्यांनी गिळल्याचं वारंवार दिसलं, आणि १९९० च्या दशकात तिथे दाणेदार प्रकार जवळपास सगळ्या पिकांवरून उठवला गेला. युरियाचा मूठभर ढीग आणि या दाण्यांची चिमूट यांची तुलनाच होऊ शकत नाही, तरी आपण दोन्ही एकाच घमेल्यात कालवतो आणि मग विचारतो, खताने बदक मरतं का.

सगळी औषधं सगळ्या पक्ष्यांना सारखी लागत नाहीत, हेही सांगायला हवं. फोरेट गेल्यावर फिप्रोनिलचे दाणे खूप चालू लागले. लावा-तित्तिराच्या, म्हणजे कोंबडीच्याही, कुळाला ते अत्यंत घातक, मॅलार्डला मात्र थेट मरणाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपद्रवी. म्हणजे घरी कोंबड्या आणि बदकं एकत्र असतील तर कोंबड्या आजारी पडू शकतील, बदकं टिकतील आणि अंडी देत राहतील. ही सुटका मानू नका. २०१७ मध्ये युरोपात कोंबड्यांच्या शेडमध्ये बेकायदा वापरलेलं फिप्रोनिल अंड्यांत उतरलं आणि नेदरलँड्स, बेल्जियमपासून सुरू होऊन अनेक देशांत लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. पक्षी जगला तरी अंडं खाण्यालायक राहत नाही.

आता सेंद्रियवाल्यांकडे वळू. त्यांचा दावा मला कधीकधी रासायनिकवाल्यांच्या बेफिकिरीहूनही जास्त काळजीत टाकतो, कारण तिथे माणूस सावधगिरी सोडून देतो. एरंडी पेंड हे उत्तम सेंद्रिय खत आहे, आणि एरंडात रिसिन हे जगातल्या जहाल विषांपैकी एक असतं. तेल काढल्यावर ते पेंडीत उरतं. नीट उष्णता देऊन निर्विष केलेली पेंड वेगळी, पण खत म्हणून विकल्या जाणाऱ्या गोणीवर त्याची हमी नसते. १९६९ ते १९७१ या काळात अमेरिकेत टेक्सासच्या उत्तर टोकाला एरंडाच्या बिया खाऊन हजारो रानबदकं मेल्याची नोंद आहे. युरिया बदक चवीने खात नाही, पेंड मात्र त्याला खाद्यासारखी वाटते. बदकांच्या घरात एरंडी पेंड नको, एवढं साधं ठेवावं. करंज पेंडही पक्ष्यांना सोसत नाही. निंबोळी पेंड कडू असल्याने बदकं सहसा तोंड लावत नाहीत आणि मातीत मिसळली की प्रश्न उरत नाही, तिला माझी हरकत नाही.

शेंगदाणा पेंडीची गोष्ट वेगळी. ती ताजी असेल तर चक्क खाद्य आहे. पण गच्चीवरच्या बागेत चार दिवस भिजवून तिचं पाणी घालतात ती बहुधा स्वस्तातली, जुनी, पावसात बुरसटलेली. त्या बुरशीतून अफलाटॉक्सिन तयार होतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून जास्त पिल्लं पटापट मेली, बदकाची पिल्लंही गेली. कारण शोधताना माग ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोचला आणि अफलाटॉक्सिन जगाला माहीत झालं. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं हळवं की पुढे प्रयोगशाळेत विष ओळखायला तीच पिल्लं वापरली गेली. बुरसट पेंड खतासाठी ठीक असेल, पण तिची बादली झाकणाखाली हवी आणि चोथा मातीखाली. जीवामृताच्या पिंपालाही हेच लागू. तळाशी बेसन-गुळाचा गाळ, वर गोमूत्राचा अमोनिया, कडेला माश्यांच्या अळ्या: बदकाला बोलावणारं सगळं त्यात आहे.

गोगलगायींच्या औषधाचा तर उफराटा न्यायच आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, आणि कोकणातल्या बागांना हा त्रास दर पावसाळ्याचाच. त्यावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकतात, किंवा कोंड्यात गूळ आणि मिथोमिल कालवून आमिष ठेवायची रीत होती. मिथोमिल आता बंद आहे, पण रीत जाता जात नाही. कोंडा हेच घरच्या बदकांचं रोजचं खाणं, म्हणजे आमिष गोगलगायीपेक्षा बदकासाठीच मांडल्यासारखं. ब्रिटनने पक्षी आणि सस्तन प्राण्यांना असलेल्या धोक्यापायी मेटाल्डिहाइडचा उघड्यावरचा वापर मार्च २०२२ अखेर थांबवला. गंमत अशी की गोगलगाय हे बदकाचं आवडतं खाणं. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉशजवळ एका द्राक्षमळ्यात गोगलगायी वेचायला इंडियन रनर बदकांचा मोठा कळप रोज बागेत सोडतात. लहान शंखी बदकाला सोडा, मोठ्या हाताने वेचा. ज्या बागेत बदक आहे तिथे ही गोळी विकत आणण्याचं कारणच नाही.

मोरचुदाबद्दल थोडक्यात. सुपारीच्या कोळे रोगावर पावसाच्या सुरुवातीला मोरचुदाचं बोर्डो मिश्रण मारतात. तांबं पक्ष्यांना बाधतं, म्हणून ज्या पिंपात मिश्रण केलं ते तळ्यात धुऊ नका आणि निळे खडे जमिनीवर सांडू देऊ नका.

शेवटी सगळी वाट पाण्याकडे जाते. वाडीतलं बावखल, परसातलं तळं किंवा बदकांसाठी खणलेला खड्डा नेहमी जमिनीच्या खालच्या अंगाला असतो. जूनच्या पहिल्या दोन सरींत वरच्या आळ्यांतलं न मुरलेलं खत तिथे उतरतं. स्फुरद आणि नत्राने शेवाळ माजतं. त्यातले काही निळे-हिरवे प्रकार स्वतःच विषारी असतात. पण जास्त वाईट पुढे घडतं. शेवाळ मरतं, कुजतं, पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे-किडे मरतात, आणि त्या गरम, कुबट, प्राणवायू नसलेल्या गाळात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू विष तयार करतो. मेलेल्या प्राण्यावरच्या अळ्यांत ते विष साठतं आणि बदक अळ्या खातं. पाय लुळे पडतात, पापण्या मिटतात, मान टाकली जाते. पाण्यावर असलेलं बदक मान वर धरता न आल्याने बुडून मरतं. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानच्या सांभर तलावावर अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले ते याच, बोट्युलिझम नावाच्या, रोगाने. तिथे खत कारण होतं असं मी म्हणत नाही, खाऱ्या सरोवराची गोष्ट वेगळी. पण मृत पक्षी, त्यावरच्या अळ्या आणि पुन्हा मृत पक्षी हे चक्र कसं फिरतं ते तिथे दिसलं, आणि परसातल्या तळ्यात ते लहान प्रमाणावर फिरू शकतं. म्हणून तळ्याच्या वरच्या अंगाला दोन-तीन मीटरची गवताची पट्टी खताविना ठेवावी, पहिल्या पावसाच्या आधीच्या आठवड्यात खत टाकू नये आणि तळ्यात काही मेलेलं दिसलं तर त्याच दिवशी काढून पुरावं.

कोंबडीखताचा मुद्दा विषाचा नाही, रोगाचा आहे. पोल्ट्रीतून ट्रकने आणलेलं कच्चं खत परसात पसरलं की साल्मोनेला आणि प्रसंगी बर्ड फ्लू बदकांच्या पायाशी येतो. देशातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला निघाला, तो पोल्ट्रीपट्ट्यातच. बदक हा विषाणू काही वेळा स्वतः आजारी न पडता बाळगतं, म्हणून तर जास्त जपायचं. कोंबडीखत पूर्ण कुजवलेलं असेल तरच घ्या.

इतकं सगळं बघितल्यावर मला एक गोष्ट विचारावीशी वाटते: बदकं असलेल्या बागेला विकतचं खत लागतंच किती? जपानमध्ये फुकुओकाकडच्या ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून भातखाचरात बदकं सोडून शेती केली. तण आणि कीड बदकांनी खाल्ली, पाणी ढवळलं, शिटाने खत दिलं, आणि रासायनिक खत-औषध सुटलं. आपल्या परसात तेवढा पसारा नको. बदकांच्या डबक्यातलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावंच लागतं, ते गटारात सोडण्याऐवजी केळी, नारळ, पपईच्या आळ्यात सोडा. ते पाणी झाड आनंदाने घेतं आणि तिथे पुन्हा चोच घालणाऱ्या बदकाला त्यातून काही नवीन लागत नाही. पालेभाजीला मात्र कच्चं शीट घालू नये. अमेरिकेत सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी कच्चं शेणखत घातल्यावर मातीला टेकणाऱ्या पिकाला काढणीआधी १२० दिवस आणि न टेकणाऱ्याला ९० दिवस जाऊ द्यावे लागतात, तोच नियम घरी पाळायला हरकत नाही. जिथे मोठी लॉन राखायचीच आहे, तिथे तुकडे पाडून एका तुकड्यावर खत आणि दुसऱ्यावर बदकं, अशी पाळी लावता येते. सगळी बाग एकदम खतवायचा हट्ट कशाला?

एवढं करूनही एखादं बदक लटपटताना दिसलं तर अंदाज बांधत बसू नका, पण काय दिसलं ते नीट लक्षात ठेवा. तोंडातून लाळ, थरथर, बारीक झालेली बाहुली आणि पाय मागे ताणलेले, तर कीटकनाशकाचा संशय. त्यावर डॉक्टरांकडे अॅट्रोपिन असतं आणि वेळेत मिळालं तर बदक वाचू शकतं. मान टाकलेली, पण लाळ नाही, झटके नाहीत, तर बोट्युलिझम. नुसते जुलाब आणि भडकलेली तहान, तर क्षाराचं खत. घरगुती उपाय म्हणून तेल, ताक, चिंचेचं पाणी चोच उघडून ओतू नका. मान लुळी पडलेल्या पक्ष्याच्या ते श्वासनळीत जातं आणि विषाआधी तेच त्याला मारतं. सावलीत ठेवा, स्वच्छ पाणी समोर ठेवा, बाकीचा कळप लगेच त्या जागेवरून हलवा. खताची आणि औषधाची पिशवी, निदान तिच्यावरच्या लेबलाचा फोटो, डॉक्टरांना दाखवा. त्याच्याशिवाय तेही अंधारात असतात. त्या आठवड्यातली अंडी घरात खाऊ नका, शेजाऱ्यांनाही देऊ नका.

पशुवैद्यकाची फिरती गाडी बोलावायला १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तो खुराड्याच्या दाराशी लिहून ठेवा. एकाच दिवसात दोन-तीन बदकं मेली तर ती पुरून विषय संपवू नका आणि कापून खाऊ तर मुळीच नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. शवविच्छेदनाचे नमुने पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण विभागात तपासले जातात, आणि ते औषध होतं, खत होतं की बर्ड फ्लू, हे तपासणीतूनच कळू शकतं.